नेद्दूचं टाकं

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी कोण उभं आहे? आत या, जागा आहे. आज एका बाईच्या गाण्याची गोष्ट सांगायची आहे. ती काही गाणारी नव्हती. उभ्या जन्मात चारचौघांत ती एकदाच गायली, आणि गायली तेव्हा तिच्या मागून आग चालत येत होती. एकच करा, मध्ये उठू नका. संतांचं चरित्र गायलं जात असताना मधूनच उठून जाणाऱ्याला आमच्या रोकानेरा गावात कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

त्या वसंतात ती फुटली. एटना ज्वालामुखीला आमच्याकडे नावानं हाक मारत नाहीत, नुसतं 'ती' म्हणतात, घरातल्या मोठ्या सासूला म्हणावं तसं. तिच्या कुशीला चीर पडली, लाव्हा चेस्टनटच्या रानातून उतरला आणि द्राक्षांच्या मळ्यांवर येऊन रेंगाळू लागला. बघायला गेलं तर आग अशी फारशी दिसत नव्हती. माणसाच्या दीड-दोन पट उंचीचा काळा ढिगारा होता. फुटक्या खापऱ्या ओतल्यासारखा तो खळखळत सरकायचा, आणि फटींतून आतला लाल जीव दिसायचा. त्याच्या वाटेत रोकानेराचं पहिलं घर होतं ग्रिप्पिनाचं. वरच्या आळीतलं अगदी शेवटचं घर. तिच्या गडग्यापलीकडे मळा, आणि मळ्यापलीकडे ती.

ग्रिप्पिना त्या सकाळी गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती.

"काकी, फरशी काय पुसत बसलात? सामान हलवा." दारात लोरेदाना उभी होती. ज्वालामुखीच्या वेधशाळेतली मुलगी. गाव तिला डॉक्टरीणबाई म्हणायचं आणि गुडघेदुखीवर औषधही विचारायचं.

"सामान गेलं खाली, दिराच्या घरी. पाहुणी यायची आणि फरशी मळकी? माझी सासू थडग्यातून उठून येईल."

"ही पाहुणी तुमची फरशी बघणार नाही."

"तुला सासू आहे?"

"नाही."

"तरीच!"

ग्रिप्पिनानं हात पुसले आणि टेबलावर धुतलेलं पांढरं कापड अंथरलं. त्यावर पाव, वाटीत ऑलिव्ह, वाइनचा भरलेला जग. घर तिला द्यायचंच असेल तर असं द्यायचं, झाडून-पुसून, टेबल मांडून, दार उघडं ठेवून. दार लावून घेणाऱ्याचं घर ती रागानं घेते, असं आमच्या बायका मानतात. ग्रिप्पिनाला मात्र मनातून खात्री होती की पाहुणी येणारच नाही. आजोबांच्या काळी गावच्या संतिणीची, सांता वेनेराची, मूर्ती याच घरापर्यंत आणली होती आणि लाव्हा गडग्याला टेकून थांबला होता. आज दुपारी मूर्ती पुन्हा येणार होती. टेबल मांडायचं ते रीत म्हणून.

"पण मला एक सांग डॉक्टरीणबाई, हिला एवढं चिडायला झालं तरी काय?"

लोरेदानानं आत येऊन टेबलावरच्या कापडावर हात ठेवला आणि हळूच पुढे ढकलला. कापडाला वळ्या पडल्या. "हा हात म्हणजे आफ्रिका. जमीन एकसंध नसते काकी, तुकड्यांची असते. तुकडे सरकत असतात, नखं वाढतात तितक्या सावकाश. आफ्रिका आपल्याकडे सरकतेय. मधला समुद्राचा तळ वाकून खाली जातोय. या रेटारेटीत कुठे घडी पडते, तिथे डोंगर उठतो. कुठे चीर पडते, तिथून खालचा रस वर येतो. नेमकं कसं, यावर आमच्यात अजून भांडणं आहेत."

"म्हणजे ढकलाढकली आफ्रिकेची आणि घर जायचं माझं!"

"घर बांधलंत ते तिच्याच दगडांचं. द्राक्षं लावलीत ती तिच्याच राखेत."

"ते खरं. देते तीच आणि नेते तीच." ग्रिप्पिनानं कापडाच्या वळ्या तळव्यानं साफ केल्या. "आता आफ्रिकेला सांग, टेबलाला हात लावू नकोस."

लोरेदाना हसली, पण जागची हलली नाही. "काकी, एक शेवटचं विचारते. टाकं?"

ग्रिप्पिनाचा हात कापडावर थांबला.

आमच्या गावात नदी नाही, विहीर नाही. तिचा दगड पाणी धरत नाही, सगळं गिळतो. म्हणून प्रत्येक घराखाली टाकं. हिवाळ्याचं पाऊस-बर्फाचं पाणी छपरावरून त्यात उतरतं आणि घर त्यावर वर्ष काढतं. आणि भरलेल्या टाक्यावर लाव्हा चढला तर काय होतं ते लोरेदानानं घरोघर जाऊन सांगितलं होतं. पाण्याची वाफ होते, वाफेला जागा लागते, आणि जागा मिळाली नाही की ती स्वतः करून घेते. भिंती, दगड, माणसं, काहीही बघत नाही. म्हणून आगीच्या बंबाचा पंप आणून आळीतली टाकी एकेक करून उपसली होती. बायका कडेला उभ्या राहून रडल्या होत्या. घर जाताना रडल्या नसत्या इतक्या.

"सांगितलं ना तुला. माझं हिवाळ्यापासून कोरडं आहे. गळकं होतं ते, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

गळकं होतं हे खरंच होतं. टाकं तिच्या नवऱ्यानं, नेद्दूनं, काळ्या दगडात स्वतःच्या हातानं खोदलं होतं. खालच्या बाजूची भिंत त्यानं रचून काढली आणि तळाशी एक दगड चुना न लावताच बसवला. तिथून पाणी पाझरायचं. दगडावर शेवाळ, पायथ्याशी पुदिना, उन्हाळ्यात गांधीलमाश्यांची गर्दी. "अहो, तेवढा दगड बुजवा," असं ग्रिप्पिना लग्नापासून सांगत आली. "पुढल्या हिवाळ्यात," असं नेद्दू सांगत आला. सांगता सांगताच वारला. आळीतल्या बायका म्हणायच्या, नेद्दूचं टाकं आणि नेद्दूचं तोंड, दोन्ही कधी बंद व्हायची नाहीत.

पण टाकं गळत असलं तरी रिकामं नव्हतं. या हिवाळ्यात बर्फ भरपूर पडलं होतं आणि पाणी गळ्याशी आलं होतं. पंप वरच्या आळीला यायच्या आधीच तिनं झाकणाच्या कडेनं चुना लिंपून राखेचा कणही जाणार नाही असं तोंड बंद केलं आणि वर वेलींच्या छाटलेल्या काड्यांचा भारा रचला. तिनं मनाशी हिशोब मांडला होता. सांता वेनेरा लाव्हा गडग्याशी थोपवणार. मग उन्हाळा येणार, आळीतली सगळी टाकी कोरडी असणार, आणि बायका घागरी घेऊन येणार त्या नेद्दूच्या टाक्यावर. त्याला हसणाऱ्याच बायका. नाही म्हणायचं नव्हतं तिला. पोटभर द्यायचं होतं.

"नक्की ना?" लोरेदाना म्हणाली. "टाकी रिकामी आहेत म्हणूनच मी मिरवणुकीला हो म्हटलंय. सगळं गाव तुमच्या अंगणात उभं राहणार आहे."

"नक्की," ग्रिप्पिना म्हणाली, आणि पुसलेलाच पेला पुन्हा पुसायला घेतला.

दुपारी खाली घंटा वाजली आणि मागोमाग ढोल. चिरीनोनं चरित्र लावलं होतं. चिरीनो म्हणजे ग्रिप्पिनाचा दीर. एरवी चारचौघांसारखा मोची, पण गळ्यात ढोल अडकवून त्यानं सांता वेनेराचं चरित्र धरलं की दगडालाही कान यावेत. काय आवाज! जुन्या वाइनसारखा, थोडा तुरट, घशाखाली उतरल्यावर ऊब देणारा. आणि त्या चरित्राची एक शिस्त आहे. कुठलं कडवं कुठे गायचं ते वाडवडिलांपासून ठरलेलं. जन्माचं कडवं देवळाच्या पायरीवर. वेनेरा घर सोडून उपदेशाला निघते ते कारंज्यापाशी. तुरुंगाचं चेस्टनटच्या झाडाखाली. उकळत्या डांबराच्या कढईचं कडवं पावभट्टीच्या वळणावर. आणि जल्लाद तिच्यापुढे गुडघे टेकतो ते शेवटचं कडवं शेवटच्या घरापाशी. ते संपल्याशिवाय मूर्ती खांद्यावरून उतरवायची नाही, पाऊल थांबवायचं नाही. ग्रिप्पिना स्वयंपाकघरात बसल्या बसल्या सांगू शकायची, मिरवणूक कुठे आली ते.

जन्माचं कडवं ऐकून तिनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि दारात येऊन उभी राहिली.

तेवढ्यात मळ्याच्या वरच्या अंगाचा गडगा कोसळला.

लाव्हा आतापर्यंत गडग्यामागे फुगत होता. वाट मिळाली तसा तो उतारावर ओतला गेला, खळखळ वाढली, गरम वारा तोंडावर आला. उभ्या उभ्या वेली पेटून विझत गेल्या. मळ्याच्या मधल्या खळग्यात बर्फाचं वितळलेलं पाणी साठलं होतं. डबकंच ते, शेळ्या पीत. दोन-चार घागरी पाणी असेल नसेल. ढिगारा त्याच्यावर चढला, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग दण्णकन आवाज झाला. जमीन हादरली. पांढरा लोट उठला आणि त्यातून दगड भिरभिरत आले. गडग्याकाठचं बदामाचं झाड मधोमध कापलं गेलं. जणू कुणी कोयत्यानं छाटावं.

ग्रिप्पिना त्या झाडाकडे बघत राहिली. दोन-चार घागरींनी हे केलं. तिच्या पायांखाली वर्षभराचं पाणी होतं, आणि तोंड तिनं स्वतःच्या हातानं लिंपलेलं.

खालून कारंज्यापाशी वेनेरा घर सोडून निघाली होती.

तिनं काड्यांचा भारा ओढून फेकला, फावड्याचं टोक झाकणाच्या फटीत घातलं आणि अंगाचा भार टाकला. चुना हलला नाही. पुन्हा एकदा. फावड्याचा दांडा मोडला. नेद्दू असता तर कुठेतरी फट राहिली असती. तिचं काम पक्कं होतं.

"थांब गं, तिथेच थांब!" ती ओरडली. कुणाला, लाव्हाला की मूर्तीला, तिचं तिलाच कळलं नाही. चपला तिथेच टाकून ती आळीतून खाली धावली. चेस्टनटखालचं कडवं संपत आलं होतं.

भट्टीच्या वळणावर तिला गाव भेटलं. पुढे ढोल घेतलेला चिरीनो, मागे खांदेकरी, त्यांच्या खांद्यांवर चांदीच्या मखरात सांता वेनेरा, आणि मागे अख्खं रोकानेरा. म्हाताऱ्या होत्या, कडेवरची पोरं होती, खुर्चीत बसवून उचलून आणलेला आंधळा पाद्री होता. आळी अरुंद, दोन्ही बाजूंना भिंती.

"मागे फिरा! टाकं भरलंय माझं! मागे फिरा!"

ढोलाच्या गजरात कुणाला काय ऐकू येणार? पुढचा खांदेकरी घामानं निथळत होता. "काकी, बाजूला व्हा, खांदे सोललेत!"

"अहो, थांबा!"

"हिच्याच घरासाठी चाललोय आणि हीच अडवतेय," एक बाई म्हणाली.

"घर जातंय ना, डोकं फिरलंय बिचारीचं. धरा तिला कुणीतरी."

कुणीतरी प्रेमानं तिच्या खांद्यांना धरून तिला भिंतीशी उभं केलं. मखर पुढे सरकलं. चिरीनोनं कढईचं कडवं उचललं होतं. डांबर उकळतंय, वेनेरा त्यात उतरतेय. कडव्याच्या शेवटी तो सूर लांबवायचा, मग एक श्वास थांबायचा. त्या एका श्वासात ढोलही गप्प असायचा, आणि मग गाव एका तोंडानं जयजयकार करायचं. लहानपणापासून ग्रिप्पिनाला तो श्वास ठाऊक होता. देव तिथे ऐकतो, असं तिची आई म्हणायची.

चिरीनोनं सूर सोडला. श्वास आला. आणि त्या रित्या जागेत, त्याच चालीवर, ग्रिप्पिना गायली:

"वेनेरे माये, ऐक गं माझं,
टाकं भरलंय काठोकाठ.
खोटं बोलले पाण्यापायी,
फिरव लेकरं, फिरव वाट."

आवाज फाटला, चाल मात्र चुकली नाही. गावाच्या तोंडातला जयजयकार तोंडातच राहिला. आरोळी ठोकली असती तर कुणी वळून पाहिलं नसतं. पण चरित्रात घातलेला शब्द खोटा असत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं.

चिरीनो वळला. "वैनी, किती भरलंय?"

"गळ्यापर्यंत."

"आणि ती?"

"गडग्याशी आली."

गर्दीतून लोरेदाना धडपडत पुढे आली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. 

आता वळायचं कसं? मूर्ती तिच्याकडे, त्या डोंगराकडे, पाठ करत नाही. तिच्याकडे पाठ केलेली सांता वेनेरा रोकानेरानं कधी पाहिली नव्हती, आणि खांदेकरी ते मेले तरी करणार नव्हते. शिवाय त्या आळीत मखर वळायला जागाही नव्हती. चिरीनोनं कपाळावरचा घाम पुसला, ढोलावर थाप मारली आणि नवंच गायला लागला, जुन्या चालीवर, सुचेल ते. तोंड तिच्याकडे, पाय माघारी. डावा उचला, उजवा टेका. पायरी आली, जपून रे जपून. म्हाताऱ्या आधी, पोरं आधी. मखर थरथरत मागे मागे सरकू लागलं. मखरामागचे लोक वळले आणि उतरू लागले, पण मुंगीच्या पावलांनी. धावायला लागले असते तर त्या उतारावर चेंगरून मेले असते. ढोल त्यांना धावू देत नव्हता.

"असे पोचायचे नाहीत," लोरेदाना म्हणाली. "दगड कारंज्याच्याही खाली जातील. काकी, टाकं वरून फोडता येईल?"

"नाही. मी लिंपलंय." मग ग्रिप्पिना थबकली. "खालून फोडता येईल! नेद्दूचा दगड!"

भट्टीच्या दाराशी निखारे ओढायची लोखंडी सळई टेकवलेली होती. ती तिनं उचलली.

"तुम्ही जाणार नाही," लोरेदानानं तिचा दंड धरला. "तिथे आता माणसानं जायचं नाही."

"पाणी माझं आहे."

"आणि डोकं?"

"ते असतं तर ही वेळ आली असती का? सोड!"

ती चढणीला लागली. मागून लोरेदानाच्या बुटांचा आवाज आला, आणि आमच्या भागातल्या एकूण एक शिव्या. शहरातल्या मुलीला एवढ्या येत असतील असं वाटलं नव्हतं.

घराच्या वरच्या बाजूनं लाव्हा भिंतीला भिडला होता. खिडकीची काच आतून तडकली. टाक्याची खालची भिंत मात्र अजून सावलीत होती. तिथे शेवाळ होतं, ओल होती, दाट पुदिना होता. गरम वाऱ्यात त्याचा वास इतका उग्र येत होता की डोळ्यांत पाणी आलं. ग्रिप्पिनानं पुदिना उपसून दगड मोकळा केला आणि सळई फटीत घातली. "अहो, आता तरी ऐका हो माझं," ती पुटपुटली. दोघींनी जोर लावला. दगड हलेना. वर छपराची तुळई कडाडली.

"पुन्हा!" लोरेदाना ओरडली.

दगड किंचित बाजूला झाला. कडेनं पाण्याची एक धार आली, मग पंख्यासारखी फाकली, आणि मग दगडच धक्क्यानं बाहेर आला. पाण्यानं दोघींना उचलून आळीत फेकलं. बर्फाचं पाणी ते! ग्रिप्पिनाच्या तोंडात गेलं, नाकात गेलं. तेवढ्यातही तिला वाटून गेलं की किती गोड पाणी हो, वर्षभर काढलं असतं. लोरेदानानं तिला केसांना धरून उठवलं आणि दोघी त्या पाण्यातूनच घसरत, पडत, उठत खाली सुटल्या. त्यांच्या पुढे पाणी धावत होतं. खाली खांदेकऱ्यांच्या पावलांवरून ते गेलं, आणि चिरीनो त्यालाही गाण्यात घेऊन मोकळा झाला.

त्या कारंज्यापाशी पोचल्या तेव्हा मखरही तिथे नुकतंच आलं होतं. सगळे वर बघत होते. लाव्हा उघड्या दारातून आत गेला. पांढरं कापड एकदा भडकलेलं दिसलं. छप्पर बसलं. मग जमिनीच्या आतून एक धम्म असा आवाज आला. तळाला राहिलेलं थोडंसं पाणी असेल. त्याची वाफ नेद्दूच्या भोकातून शिट्टी घालत बाहेर पडली आणि टाक्याचं झाकण, चुन्यासकट, आभाळात गेलं. सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर वर गेल्या आणि खाली आल्या. ते पडलं भट्टीच्या वळणावर. मघाशी जिथे मखर होतं तिथे. तुकडे भिंतींवर आपटून आळीभर उडाले. दुसरा स्फोट झाला नाही.

 मग खुर्चीतल्या आंधळ्या पाद्र्यानं विचारलं, "सगळे आहेत का?" लोकांनी एकमेकांना हात लावून पाहिलं. सगळे होते.

चिरीनोनं शेवटचं कडवं तिथेच, कारंज्यापाशी गायलं आणि मूर्ती खाली ठेवली.

लाव्हा पुढे भट्टीपर्यंत आला आणि काही दिवसांनी थांबला. लोरेदाना म्हणते वरची चीर मिटली. गाव म्हणतं सांता वेनेरा. हे भांडण अजून चालू आहे आणि मला ते मिटवायचं नाही. आळीचं वरचं टोक आता एका घराएवढं उंच झालंय. तिथे काळा कडा आहे आणि कड्यावर पिवळ्या फुलांची झुडपं धरलीत. मुलं तिथून समुद्र बघतात. पूर्वी तिथून समुद्र दिसत नव्हता.

ग्रिप्पिनाला सहजासहजी माफी मिळाली असं समजू नका. त्या उन्हाळ्यात गावानं टँकरपुढे रांगा लावल्या, आणि रांगेत बायका म्हणायच्या, "काकी, तुमचं पाणी फार गोड होतं म्हणे. आमच्या नवऱ्यांच्या पायांना विचारायला हवं." ती खाली मान घालून घागर पुढे सरकवायची. एक दिवस मात्र म्हणाली, "पाय आहेत ना? मग झालं तर." त्यावर रांग हसली, आणि तिथून हळूहळू बोलणं सुरू झालं. पडताना तिच्या मुठीत मुळांसकट पुदिना राहिला होता. तो तिनं दिराच्या खिडकीत एका डब्यात लावला. आज रोकानेरात एकही टाकं नाही ज्याच्या पायथ्याशी तो पुदिना नाही, आणि एकही टाकं नाही ज्याच्या भिंतीत एक दगड चुन्याशिवाय बसवलेला नाही. त्याला नेद्दू म्हणतात. 'नेद्दू काढला का?' असं विचारतात.

सणाच्या दिवशी चरित्र अजून होतं. भट्टीपाशी आळी संपते, तिथे कढईचं कडवं येतं, सूर लांबतो आणि ढोल थांबतो. तो श्वास चिरीनो पूर्वीपेक्षा लांब ठेवतो. त्यात कुणी गात नाही, कुणी खोकत नाही.

ग्रिप्पिनाची आठवण काढायला तो श्वास आहे. पण आयुष्यभर जे काम नीट केलं नाही म्हणून बोलणी खाल्ली, त्याच कामानं ज्यानं अख्खं गाव राखलं, त्याच्यासाठी चरित्रात कडवं नाही. तेवढं तुम्ही करा. घरी गेल्यावर, पुदिना खुडताना बोटांना वास लागेल, तेव्हा नेद्दूची आठवण काढा.